स्वीडिश मीटबॉल्सची क्रीमयुक्त ग्रेव्ही: खरवडीपासून वाढपापर्यंत

स्वीडनमध्ये मीटबॉल्सना शॉटबुल्लार म्हणतात आणि ते ताटात सहसा एकटे येत नाहीत. त्यांच्यासोबत उकडलेले किंवा कुस्करलेले बटाटे असतात, लिंगोन नावाच्या आंबट लाल फळांचा साखरेत कालवलेला गर असतो, मीठ लावून दाबलेल्या काकडीच्या चकत्या असतात आणि या सगळ्यांवर ओतायला फिकट तपकिरी रंगाची सरसरीत ग्रेव्ही असते. क्रीम घातलेल्या ग्रेव्हीला ग्रेदसोस म्हणतात, तर क्रीम नसलेली किंवा नावापुरतेच असलेली ग्रेव्ही ब्रूनसोस म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे अनेकांची या पदार्थाशी पहिली ओळख आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीच्या उपाहारगृहात झाली. हैदराबादचे दालन 2018 मध्ये आणि नवी मुंबईत तुर्भ्याचे दालन 2020 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाले, आणि भारतातल्या या दालनांत गोमांस व डुकराचे मांस टाळून कोंबडीच्या खिम्याचे गोळे दिले जातात.

हीच ग्रेव्ही घरी करायला घेतली की पहिला हात क्रीमच्या पाकिटाकडे जातो, आणि मग पांढरट, जड, दुधाळ चवीचे काहीतरी तयार होते. क्रीम हा या ग्रेव्हीतला शेवटचा घटक आहे. तिची चव गोळे परतताना पॅनच्या तळाला धरणाऱ्या खरवडीत असते, आणि पुढची सगळी कृती म्हणजे ती खरवड न करपवता रसात उतरवणे, तो रस पिठाने धरणे आणि क्रीमने त्याला मऊपणा देणे. या लेखात त्याच क्रमाने जायचे आहे.

इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मांसाच्या गोळ्यांचा उल्लेख स्वीडिश पाककृतीलेखिका कायसा वार्ग यांच्या 1755 च्या पाककृतीग्रंथात सापडतो. राजा बारावा कार्ल 1709 ते 1714 या काळात ऑटोमन साम्राज्यात आश्रयाला होता आणि त्याने ही पाककृती तिकडून आणली, असे 2018 च्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने जाहीर केले, तेव्हा त्यावर बरीच खळबळ माजली होती. गोळ्यांचे मूळ कोणतेही असो, लोणी, पीठ, मांसाचा रस आणि क्रीम ही घडण मात्र थंड हवेच्या, दूधदुभत्याच्या उत्तर युरोपातलीच आहे आणि तिच्यात आपल्या गरम मसाल्याला जागा नाही.

साहित्य आणि मापे

चार माणसांसाठी साधारण 500 ग्रॅम खिम्याचे गोळे धरले, तर ग्रेव्हीसाठी पुढील साहित्य पुरते: 30 ग्रॅम लोणी, 30 ग्रॅम मैदा (म्हणजे सपाट केलेले जवळजवळ चार मोठे चमचे), 450 मिलिलिटर स्टॉक (म्हणजे हाडे किंवा भाज्या उकळून गाळलेला रस), 150 मिलिलिटर क्रीम, दोन लहान चमचे गडद सोया सॉस, एक लहान चमचा मोहरीची पेस्ट, पाव लहान चमचा पांढऱ्या मिरीची पूड, चिमूटभर ऑलस्पाइस आणि एक लहान चमचा बेदाण्यासारख्या छोट्या काळ्या करंट फळांची जेली किंवा तशीच कोणतीही आंबटगोड जेली. मीठ या यादीत मुद्दामच घेतलेले नाही. त्याचा विचार अगदी शेवटी करायचा आहे.

स्वीडिश पाककृती वाचणाऱ्यांना तिथे डेसिलिटर हे माप सर्वत्र दिसेल. एक डेसिलिटर म्हणजे 100 मिलिलिटर, मोठा चमचा 15 मिलिलिटरचा, लहान चमचा 5 मिलिलिटरचा, आणि मसाल्यांसाठी 1 मिलिलिटरचा एक चिमुकला चमचाही तिथल्या घरोघरी असतो. टाळेबंदीच्या दिवसांत, 2020 च्या एप्रिलमध्ये, आयकियाने घरी करण्यासाठी जी कृती प्रसिद्ध केली, तिच्यात 40 ग्रॅम लोणी, 40 ग्रॅम मैदा, भाजीचा आणि गोमांसाचा प्रत्येकी 150 मिलिलिटर स्टॉक, 150 मिलिलिटर घट्ट क्रीम, दोन लहान चमचे सोया सॉस आणि एक लहान चमचा डिझाँ मोहरी असे प्रमाण होते. त्या प्रमाणात ग्रेव्ही बरीच दाट होते आणि बटाट्यावर ओघळण्याऐवजी बसून राहते. वर दिलेले प्रमाण त्याहून पातळ आहे, आणि बटाटे कुस्करून वाढायचे असतील तर मला तेच अधिक योग्य वाटते.

सोया सॉसचे नाव वाचून काहींना हा भारतीय-चायनीज छापाचा बदल वाटेल, पण स्वीडिश घरांत तपकिरी ग्रेव्हीला रंग आणि खारट खोली देण्यासाठी गडद सोया सॉस सर्रास वापरतात. आपल्या बाजारात पातळ आणि गडद असे दोन्ही प्रकार मिळतात. इथे गडदच घ्यावा, कारण पातळ सॉसने रंग येण्याआधी खारटपणा येतो.

ऑलस्पाइस हे मसाल्यांचे मिश्रण नसून जमैका आणि मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाचे वाळवलेले फळ आहे. स्वीडिश स्वयंपाकात ते मांसाबरोबर हमखास वापरले जाते. ते मिळाले नाही तर दालचिनी, लवंग आणि जायफळ यांची मिळून चिमूटभर पूड चालते, मात्र लवंग अगदी नावालाच असावी, कारण लवंग जास्त झाली की ग्रेव्ही बिर्याणीच्या वळणावर जाते.

स्टॉक

ग्रेव्हीत प्रमाणाने सर्वांत जास्त असलेला घटक स्टॉक आहे, म्हणून त्यात कुचराई करू नये. कोंबडीची अर्धा किलो हाडे, एक अर्धवट कापलेला कांदा, एक गाजर, एक तमालपत्र आणि सातआठ मिरीदाणे सव्वा लिटर पाण्यात घालून, वर येणारा फेस काढत, दीड तास मंद आचेवर ठेवावे आणि गाळून घ्यावे. पाणी जोरात उकळू दिले तर चरबी आणि फेस रसातच मिसळून तो गढूळ होतो. पृष्ठभाग फक्त हलत राहील एवढीच आच पुरे. बोकडाची हाडे असतील तर प्रेशर कुकरमध्ये चाळीस मिनिटे शिजवून वेळ वाचवता येतो. हळद, आले आणि लसूण यांपैकी काहीही घालू नये. हळदीचा रंग क्रीम घातल्यावर अधिकच उठून दिसतो आणि ग्रेव्ही कढीसारखी पिवळी होते.

स्टॉकचे तयार क्यूब वापरायचे असतील, तर पाकिटावर सांगितलेल्या पाण्याच्या दुप्पट पाण्यात ते विरघळवावेत. ग्रेव्ही आटणार आहे, त्यात सोया सॉस पडणार आहे, आणि पूर्ण तीव्रतेचा क्यूब वापरला तर शेवटी खारटपणा आवरत नाही. शाकाहारी ग्रेव्ही करणाऱ्यांनी वाळवलेले मशरूम गरम पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी आणि गडद तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा व गाजर यांचा रस एकत्र करावा. मशरूमच्या पाण्याच्या तळाशी माती बसलेली असते, म्हणून ते वरवरचे ओतून घ्यावे.

गोळे परतताना

या लेखाचा विषय ग्रेव्ही आहे, तरी तिची सुरुवात गोळ्यांच्या पॅनमध्येच होत असल्यामुळे त्यांच्याबद्दल थोडे सांगणे भाग आहे. स्वीडनमध्ये गोमांस आणि डुकराचे मांस यांचा मिश्र खिमा वापरण्याची पद्धत आहे, आणि तो दुकानात तयार मिळतो. गोव्यात दोन्ही मांसे मिळत असल्यामुळे तिथे हे जमून येते. महाराष्ट्रात बहुधा कोंबडीचा किंवा बोकडाचा खिमा घ्यावा लागतो. कोंबडीच्या खिम्यात चरबी कमी असल्याने खरवडही कमी धरते, म्हणून कोंबडीचे गोळे असतील तर त्यात एक मोठा चमचा वितळलेले लोणी मळून घ्यावे आणि पॅनमध्येही लोणी थोडे सढळ हाताने घालावे.

खिम्यात दुधात भिजवलेला ब्रेडचा चुरा, बारीक चिरून मऊ परतलेला कांदा, अंडे, मीठ, पांढरी मिरी आणि ऑलस्पाइस एवढेच असावे. कोथिंबीर, हिरवी मिरची, आले-लसणाची पेस्ट घालण्याचा मोह आवरावा. चवीचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे ओले वाटण गोळ्यांतून सुटून पॅनच्या तळाला लागते, खिम्याच्या आधी करपते आणि त्याचा कडवटपणा थेट ग्रेव्हीत उतरतो.

पॅन स्टेनलेस स्टीलचा किंवा बिडाचा, जाड बुडाचा असावा. नॉनस्टिक पॅनवर काहीच चिकटत नाही, आणि चिकटलेच नाही तर खरवड कुठून येणार? घरात फक्त नॉनस्टिक पॅन असेल तर गोळे त्यात करून ग्रेव्हीसाठी एक चमचाभर खिमा आणि थोडा कांदा वेगळ्या स्टीलच्या पातेल्यात तपकिरी होईपर्यंत परतावा. मूळ पद्धतीइतका खमंगपणा येत नसला तरी ग्रेव्ही पोकळ लागत नाही. बिडाच्या पॅनमध्ये गोळे परतणे उत्तम, पण तयार ग्रेव्ही त्यात ठेवून देऊ नये, कारण लोखंडाची चव आणि काळपट छटा दोन्ही उतरतात.

निम्मे लोणी आणि निम्मे तेल मध्यम आचेवर तापवावे. लोण्याचा फेस बसू लागला की गोळे घालावेत, पण गोळ्यांमध्ये बोटभर जागा राहील इतकेच. पॅन गच्च भरला तर गोळ्यांना पाणी सुटते, ते परतले न जाता वाफेवर शिजतात आणि तळाला खरपूस थर धरण्याऐवजी राखाडी पाणी साचते. खरपूसपणा येण्यासाठी पृष्ठभाग कोरडा आणि तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या बरेच वर असावे लागते, तेव्हाच मांसातली प्रथिने आणि साखरा यांच्या अभिक्रियेतून तो तपकिरी रंग आणि वास तयार होतो. म्हणून दोन घाण्यांत काम करावे. पॅन हलवून गोळे फिरवत राहिले तर ते सर्व बाजूंनी सारखे रंगतात. कोंबडीच्या गोळ्यांचे आतले तापमान 74 अंश सेल्सियस आणि इतर खिम्याच्या गोळ्यांचे 71 अंश झाले की ते शिजले. थर्मामीटर नसेल तर एक गोळा मधोमध कापून आत गुलाबीपणा उरलेला नाही याची खात्री करावी.

खरवड ओळखणे आणि सोडवणे

पहिला घाणा काढल्यावर पॅन विस्तवावरून उतरवून त्याच्या तळाकडे नीट पाहावे. गोळे जिथे टेकले होते तिथे वर्तुळाकार डाग असतात. ते मधासारख्या रंगापासून गडद तपकिरी रंगापर्यंत असतील तर सर्व ठीक आहे. काळे, कोरडे, चकाकी नसलेले ठिपके दिसले, तर तेवढा भाग करपला आहे. अशा वेळी नुसत्या रंगावर विसंबू नये. दोन चमचे गरम पाणी घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडावा आणि एक थेंब चाखून पाहावा. जिभेवर आधी खारट-गोडसर खमंगपणा आणि मग किंचित कडसर झाक आली तर चालेल. कडूपणाच आधी आला तर ते पाणी फेकून द्यावे आणि दुसऱ्या घाण्याच्या खरवडीवर भिस्त ठेवावी. करपलेल्या खरवडीला साखर, क्रीम किंवा जेली यांपैकी कशानेही झाकता येत नाही.

पहिल्या घाण्याची खरवड चांगली असेल तरी ती पॅनमध्येच ठेवून त्यावर दुसरा घाणा परतू नये, कारण दुसऱ्या फेरीत ती हमखास जळते. आधी सुटी चरबी एका वाटीत ओतून घ्यावी, मग अर्धी पळी स्टॉक घालून, उकळी येताच तळ खरवडून, तो तपकिरी रस दुसऱ्या वाटीत काढून ठेवावा. पॅन पुसून दुसरा घाणा करावा आणि त्याचीही खरवड तशीच सोडवावी. शिजलेले गोळे ज्या ताटलीत काढले असतील, तिच्यात पाच मिनिटांत थोडा रस जमतो. तोही याच वाटीत घालावा. शेवटी वाटीत जेमतेम सहासात मोठे चमचे रस जमा होतो, आणि दिसायला तो किरकोळ असला तरी ग्रेव्हीची सगळी चव त्यातच आहे.

अनेक कृतींत गोळे काढल्याबरोबर त्याच पॅनमध्ये, खरवडीवरच, लोणी आणि मैदा घालायला सांगतात. हाताला सवय असेल तर ते सोयीचे असते आणि एक भांडेही कमी लागते. पण मैदा भाजण्याच्या तीनचार मिनिटांत खाली असलेली खरवड पुढे जाऊन करपण्याचा धोका राहतो, आणि वर मैद्याचा थर असल्याने ती दिसतही नाही. म्हणून रस आधी वेगळा काढण्याची पद्धत मी अधिक भरवशाची मानतो.

मैदा भाजणे

आता जाड बुडाच्या पातेल्यात 30 ग्रॅम लोणी मंद ते मध्यम आचेवर वितळवावे. वाटीत काढलेली चरबी स्वच्छ वासाची असेल तर निम्मे लोणी कमी करून त्याऐवजी ती घ्यावी. लोण्याऐवजी साजूक तूप चालेल, पण लोण्यात असलेला दुधाचा अंश तुपात नसल्यामुळे भाजण्याचा वास निराळा येतो. घरचे पांढरे लोणी वापरताना त्यातले पाणी आधी तडतडून जाऊ द्यावे, नाहीतर मैदा घातल्याबरोबर गोळा होतो.

मैदा एकदम घालून तारांच्या व्हिस्कने किंवा चपट्या उलथन्याने सतत हलवावा. सुरुवातीला मिश्रण पेस्टसारखे घट्ट दिसते, मग मिनिटभरात सैल होऊन बुडबुडे येऊ लागतात आणि कच्च्या पिठाचा वास जातो. आणखी दोन ते तीन मिनिटांनी त्याला बेसनाच्या लाडवासाठी अर्धे भाजून झालेल्या बेसनाचा रंग आणि खमंग वास येतो, इथे थांबावे. त्यापुढे भाजल्यास चव वाढते, पण पिठातील स्टार्चचे विघटन होऊन त्याची घट्ट करण्याची शक्ती घटते, आणि मग ग्रेव्ही पातळ राहिली म्हणून वरून पीठ घालण्याची पाळी येते.

स्टॉक कोमट असावा. तो एका पळीएवढा घालून पूर्ण एकजीव करावा, मिश्रण पुन्हा घट्ट झाले की दुसरी पळी घालावी, आणि असे निम्मा स्टॉक संपेपर्यंत करावे. त्यानंतर उरलेला एका धारेत घातला तरी गुठळ्या होत नाहीत. गुठळी होण्याचे कारण साधे आहे. पिठाच्या कणांना पुरेसे तूप लागलेले नसेल किंवा एकदम खूप गरम पाणी पडले, तर पिठाच्या गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात चिकट होतो आणि आतले पीठ कोरडेच अडकून पडते. चिकट थर धरण्याआधी प्रत्येक कणापर्यंत पाणी पोचवणे, एवढ्यासाठी ही सावकाशी आहे. आता वाटीतला खरवडीचा रस घालावा, मंद उकळी येऊ द्यावी आणि आठ ते दहा मिनिटे अधूनमधून हलवत शिजवावे. ग्रेव्ही दाट तर पहिल्या दोन मिनिटांतच होते. उरलेला वेळ पिठाचा कच्चेपणा जाण्यासाठी आणि पोत गुळगुळीत होण्यासाठी लागतो. शेवटी बारीक गाळणीतून गाळून घेतली तर खिम्याचे कण निघून जातात. घरगुती जेवणाला हे गाळणे सक्तीचे नाही, पण पाहुणे असतील तर करावे.

लोण्यात मैदा न भाजता ग्रेव्ही घट्ट करण्याची एक जुनी घरगुती स्वीडिश पद्धतही आहे. झाकणाच्या बरणीत 100 मिलिलिटर थंड पाणी किंवा दूध घेऊन त्यात तीन मोठे चमचे मैदा घालावा, झाकण लावून जोरात हलवावे, आणि ते मिश्रण उकळत्या रसात बारीक धारेने ओतत व्हिस्कने हलवत राहावे. पाणी थंडच हवे. या पद्धतीत लोणी कमी लागते आणि ग्रेव्ही हलकी होते, पण भाजलेल्या पिठाचा खमंगपणा नसल्यामुळे खरवड उत्तम जमलेली असेल तेव्हाच ही पद्धत वापरावी.

क्रीम

स्वीडनमध्ये या ग्रेव्हीसाठी 36 ते 40 टक्के स्निग्धांशाचे क्रीम मिळते, तसेच स्वयंपाकासाठी म्हणून 13 ते 15 टक्क्यांचे हलके क्रीमही मिळते. आपल्या बाजारातील पाकिटबंद फ्रेश क्रीम साधारण 25 टक्क्यांचे असते. स्निग्धांश जितका जास्त, तितके त्यात प्रथिनांचे प्रमाण कमी, आणि उष्णतेने वा आंबटपणाने फुटण्याची भीतीही कमी. जाड क्रीम उकळले तरी टिकते. 25 टक्क्यांचे क्रीम आधीच मैद्याने घट्ट झालेल्या ग्रेव्हीत घातल्यास स्टार्च त्याला सावरून धरतो, पण त्यालाही खळखळून उकळी देऊ नये.

क्रीम अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढावे. आच मंद करावी, दोन पळ्या गरम ग्रेव्ही क्रीमच्या भांड्यात घालून हलवावी आणि मग ते मिश्रण पातेल्यात परत ओतावे. तीनचार मिनिटे कडेला बारीक बुडबुडे येतील इतक्याच आचेवर ठेवावे. या वेळात ग्रेव्हीचा रंग बदलताना दिसतो: आधी क्रीमच्या पांढऱ्या रेघा, मग दुधाळ बदामी, आणि शेवटी सोया सॉस पडला की कडक चहाच्या जवळ जाणारा तपकिरी. क्रीम न घालता कोंबडीच्या स्टॉकची ग्रेव्ही निस्तेज दिसते, आणि क्रीम घालूनही सोया सॉस विसरला तर ती राखाडीच राहते.

घरची साय वापरता येते, मात्र ती ताजी, विरजण न लागलेली असावी. तिच्यातले पापुद्रे ग्रेव्हीत विरघळत नाहीत, म्हणून थोडे दूध घालून मिक्सरमध्ये अगदी काही सेकंद फिरवावी आणि गाळणीतून दाबून काढावी. जास्त फिरवली तर लोणी सुटते आणि ग्रेव्हीवर तवंग येतो. दूधदुभते न खाणाऱ्यांसाठी ओटपासून केलेले क्रीम हा स्वीडनमधलाच रुळलेला पर्याय आहे. दक्षिण स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील संशोधनातूनच ओटच्या दुधाचा उद्योग उभा राहिला. नारळाचे दूध मात्र इथे घालू नये. ते कितीही सौम्य असले तरी चव कोकणाकडे नेते, आणि लिंगोनशी त्याचे जमत नाही.

चव जुळवणे

सोया सॉस आधी दीड चमचाच घालावा आणि रंग पाहावा. मग मोहरीची पेस्ट, पांढरी मिरी आणि ऑलस्पाइस. आपली राईची तिखट पेस्ट वापरत असाल तर प्रमाण निम्मे करावे. पांढरी मिरी काळीपेक्षा लवकर जाणवते आणि ग्रेव्हीत काळे ठिपके दिसू देत नाही, पण जुन्या पुडीला गोठ्याचा वास येतो, म्हणून दाणे आणून ऐनवेळी कुटावेत. जेली सर्वांत शेवटी, कारण तिची गरज ताटातल्या इतर पदार्थांवर ठरते. लिंगोन सोबत असेल तर जेली अर्धा चमचा पुरते. काही स्वीडिश घरांत मांसाच्या ग्रेव्हीत मसाल्याच्या खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या छोट्या माशांचे, म्हणजे तिथल्या अन्शोविसचे, चमचाभर पाणी घालतात. माशाची चव कळत नाही, पण मांसाची चव ठळक होते.

चव घ्यायची ती नुसत्या चमच्याने नव्हे, उकडलेल्या बटाट्याच्या फोडीबरोबर. बटाटा अळणी असल्यामुळे नुसती चाखताना किंचित खारट वाटणारी ग्रेव्ही ताटात बरोबर बसते. एवढे करून कमी वाटलेच तर मीठ चिमटीने घालावे.

दाटपणाची परीक्षा अशी: चमचा बुडवून बाहेर काढावा आणि पाठीमागच्या थरावर बोटाने रेघ ओढावी. रेघ तशीच राहिली आणि कडा ओघळल्या नाहीत तर ग्रेव्ही तयार आहे. विस्तवावरून उतरवल्यावर ती आणखी दाट होते, म्हणून गॅस बंद करताना ती हवी त्याहून थोडी पातळच दिसली पाहिजे.

बिघाड झाल्यास तो बहुधा सावरता येतो. गुठळ्या असतील तर गाळावी किंवा काही सेकंद मिक्सरमधून काढावी. कडेने तूप सुटू लागले, तर ती प्रमाणाबाहेर आटली आहे. दोन चमचे गरम पाणी घालून विस्तवाबाहेर जोरात फेटली की पुन्हा एकजीव होते. खारट झाली तर बटाट्याची फोड टाकून काही साधत नाही. बिनमिठाचा स्टॉक आणि क्रीम वाढवूनच खारटपणा उतरतो. पिठूळ लागली तर आणखी पाच मिनिटे शिजवणे हाच उपाय आहे. चव सपक वाटली आणि मीठ पुरेसे असेल, तर लिंबाचे चार थेंब पिळून पाहावेत.

वाढप आणि साठवण

गोळे ग्रेव्हीत घालावेत की ग्रेव्ही वेगळी द्यावी, याबाबत स्वीडिश घरांतही एकवाक्यता नाही. ग्रेव्हीत तीनचार मिनिटे मुरवले तर गोळे मऊ राहतात आणि ती आणखी चविष्ट होते; वेगळी दिली तर गोळ्यांचा खरपूस कवच टिकतो. कोंबडीचे गोळे लवकर कोरडे पडतात, त्यामुळे ते मुरवावेत, आणि बोकडाच्या किंवा मिश्र खिम्याचे असतील तर ग्रेव्ही वेगळ्या भांड्यात द्यावी, असे माझे मत आहे.

लिंगोनची फळे तिथे न शिजवता नुसत्या साखरेत कालवतात. त्यांच्यात नैसर्गिक बेंझोइक आम्ल असल्याने ती तशीच टिकतात. ती भारतात ताजी मिळत नाहीत. क्रॅनबेरीचा सॉस जवळचा पडतो, आणि उन्हाळ्यात कोकणात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी असाल तर करवंदांचा कमी गोड मुरंबा या ताटात शोभून दिसतो. काकडीसाठी स्वीडिश प्रमाण एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी असे पाठ केलेले असते, पण तिथले व्हिनेगर 12 टक्क्यांचे असते. आपले साधारण 4 टक्क्यांचे व्हिनेगर घ्यायचे तर तीन भाग व्हिनेगर, दोन भाग साखर आणि एक भाग पाणी घ्यावे, म्हणजे आंबटपणा तेवढाच राहतो. काकडीच्या कागदासारख्या पातळ चकत्यांना मीठ लावून, वर वजन ठेवून अर्धा तास दाबावे, सुटलेले पाणी पिळून काढावे आणि मग त्या या पाण्यात घालाव्यात.

ग्रेव्ही आधी करून ठेवायची असेल तर पृष्ठभागावर लोण्याचा छोटा तुकडा फिरवावा, म्हणजे वर साय धरत नाही. उरलेली ग्रेव्ही दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी. ती दोनतीन दिवस चांगली राहते. थंड झाल्यावर ती थिजते, म्हणून गरम करताना थोडे दूध घालून मंद आचेवर हलवत सैल करावी. क्रीम घातलेली ग्रेव्ही गोठवल्यास वितळताना पाणी आणि स्निग्धांश वेगळे होतात आणि पोत रवाळ होतो. एका वेळी दुप्पट करून ठेवण्याची सवय असणाऱ्यांनी मैदा व स्टॉक शिजवून, खरवडीचा रस घालून, क्रीमच्या आधी थांबावे, तेवढा भाग डब्यांत भरून गोठवावा, आणि वाढायच्या दिवशी उकळी आणून क्रीम, सोया सॉस व मसाले त्या वेळी घालावेत.